पर्यावरण धोरण आणि पाठपुराव्यातील फेलोशिप: नवोदितांसाठी मार्गदर्शक

पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण संपवून पर्यावरणाच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसमोर साधारणपणे तीन वाटा असतात: संशोधन, प्रत्यक्ष संवर्धनाचे काम आणि धोरण. पहिल्या दोन वाटांवर पाऊल कसे टाकायचे, हे महाविद्यालयातील शिक्षक किंवा ओळखीतील एखादा कार्यकर्ता सांगू शकतो. तिसरी वाट बाहेरून दिसत नाही. प्रदूषणाची मर्यादा कोण ठरवते, कायद्याचा मसुदा कोणाच्या टेबलावर तयार होतो, मसुद्यातील एखादे कलम शेवटच्या आठवड्यात का गळते, या गोष्टी आत गेल्याशिवाय कळत नाहीत. आणि ज्याला त्या कळत नाहीत त्याला आत घ्यायला कोणी तयार नसते. ही कोंडी फोडण्यासाठी फेलोशिप असतात. ठरावीक मुदत, मानधन, जाणत्या माणसाचे मार्गदर्शन आणि शिकत शिकत काम करण्याची मुभा, असे त्यांचे स्वरूप असते.

अशा फेलोशिपसाठी तयारी कशी करावी, संस्था कशी पारखावी, अर्ज कसा लिहावा आणि निवड झाल्यावर मिळालेला काळ कसा वापरावा, हे पुढे क्रमाने मांडले आहे. या सगळ्या पायऱ्यांमागे माझे एकच सांगणे आहे. निसर्गाविषयीची कळकळ जवळजवळ प्रत्येक अर्जात असते, त्यामुळे तिच्या बळावर निवड होत नाही. एखादा निर्णय नेमका कुठे, कोणाच्या सहीने आणि कोणत्या मुदतीत होतो, हे ज्याने शोधून काढले आहे, त्याचा अर्ज वेगळा उठून दिसतो.

पहिली पायरी: फेलोशिपचा प्रकार ओळखा

‘पर्यावरण फेलोशिप’ या एका नावाखाली अगदी भिन्न प्रकृतीची कामे येतात, आणि चुकीच्या प्रकारासाठी केलेला चांगला अर्जही वाया जातो.

पहिला प्रकार शासनाच्या किंवा विधिमंडळाच्या आत काम करण्याचा. अमेरिकेत ‘अमेरिकन असोसिएशन फॉर द अॅडव्हान्समेंट ऑफ सायन्स’ या संस्थेने १९७३ पासून वैज्ञानिकांना काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, कार्यालयांत पाठवण्यास सुरुवात केली आणि पुढे शासकीय विभागही त्यात आले. तेथे डॉक्टरेट, किंवा अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी आणि काही वर्षांचा अनुभव लागतो. समुद्र आणि किनारपट्टीच्या धोरणासाठी १९७९ पासून चालणारी नॉस फेलोशिप पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एक वर्ष वॉशिंग्टनमधील विधिमंडळीय किंवा प्रशासकीय कार्यालयात काम देते. या दोन्ही फेलोशिप अमेरिकेतील पात्रतेच्या अटींशी बांधलेल्या आहेत. येथे त्यांचा उल्लेख नमुना म्हणून केला आहे. भारतात पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेची लॅम्प फेलोशिप याच धाटणीची आहे. कोणत्याही शाखेचे तरुण पदवीधर तिच्यात एका खासदाराचे साहाय्यक म्हणून पूर्णवेळ काम करतात. ती केवळ पर्यावरणासाठी नाही. पण संसदेतला प्रश्न कसा तयार होतो, समितीच्या अहवालाचा उपयोग कसा होतो, हे शिकण्यासाठी यापेक्षा जवळची जागा शोधूनही सापडणार नाही.

दुसरा प्रकार संशोधनसंस्थांचा. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ लाक्सेनबुर्ग येथे असलेली आंतरराष्ट्रीय उपयोजित प्रणाली विश्लेषण संस्था १९७७ पासून तरुण संशोधकांसाठी तीन महिन्यांचा उन्हाळी कार्यक्रम चालवते; त्यात पीएचडी करणारे विद्यार्थी संस्थेतील वैज्ञानिकाच्या मार्गदर्शनाखाली ऊर्जा, पाणी, लोकसंख्या, हवामान अशा विषयांवर काम करतात. जर्मनीच्या अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट प्रतिष्ठानाची हवामान संरक्षणासाठीची फेलोशिप युरोपबाहेरील विकसनशील देशांतील उमेदवारांसाठी आहे. तिच्यात आपला प्रकल्प आपणच आखायचा असतो आणि जर्मनीतील ज्या संस्थेत काम करायचे तिची संमती अर्जाच्या आधी मिळवायची असते. ही संमती मिळायला काही महिने जाऊ शकतात, म्हणून अशा फेलोशिपची तयारी अंतिम तारखेच्या बरीच आधी सुरू करावी लागते.

तिसरा प्रकार संघटनबांधणीचा आणि मोहिमांचा. अमेरिकेतील ग्रीन कॉर्प्स ही संस्था पदवीधरांना मानधन देऊन सुमारे वर्षभर हेच शिकवते: स्वयंसेवक कसे जमवायचे, स्थानिक वृत्तपत्रापर्यंत विषय कसा न्यायचा, लोकप्रतिनिधीची भेट कशी घ्यायची. चौथा प्रकार कायद्याचा. पर्यावरणविषयक खटले चालवणाऱ्या संस्था विधी पदवीधरांना एक-दोन वर्षांसाठी घेतात. त्याबद्दल येथे अधिक लिहीत नाही, कारण त्या वाटेची माहिती विधी महाविद्यालयांत सहज मिळते.

या प्रकारांतला खरा फरक बोलण्याच्या स्वातंत्र्याचा आहे. शासकीय कार्यालयात बसलेला फेलो निर्णयाच्या सर्वांत जवळ असतो, पण त्या निर्णयाविरुद्ध त्याला जाहीरपणे बोलता येत नाही. मोहीम चालवणाऱ्या संस्थेतला फेलो उघडपणे बोलू शकतो, पण त्याने दिलेल्या आकड्यांकडे समोरचा पक्ष सुरुवातीपासून संशयाने पाहतो. संशोधनसंस्थेत आकड्यांना मान असतो. मात्र ते आकडे कोणी वाचतील याची हमी नसते. आपल्या स्वभावाला यांपैकी कोणते बंधन सोसेल, याचा विचार पात्रतेच्या अटी वाचण्याच्याही आधी करावा. गप्प बसणे ज्याला अशक्य आहे त्याने मंत्रालयातील वर्ष स्वीकारू नये, आणि ज्याला रोज अनोळखी माणसांशी बोलण्याचा ताण येतो त्याने मोहिमेतील वर्ष स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: विषयापेक्षा प्रश्न निवडा

‘हवा प्रदूषण’, ‘जैवविविधता’, ‘हवामान बदल’ हे विषय झाले. धोरणाच्या कामात विषयाला फारसा अर्थ नसतो. तेथे प्रश्न लागतो, आणि त्या प्रश्नाच्या टोकाला कोणीतरी घ्यायचा निर्णय असावा लागतो.

हवेतील अतिसूक्ष्म धूलिकणांचे, म्हणजे पीएम २.५ चे उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये त्यांची वार्षिक सरासरी दर घनमीटर १० मायक्रोग्रॅमच्या आत असावी असे सुचवले होते. २०२१ मध्ये ती मर्यादा ५ वर आणली. अमेरिकेने २०२४ मध्ये आपले मानक १२ वरून ९ केले. युरोपीय संघाने त्याच वर्षी २५ ची मर्यादा २०३० पर्यंत १० वर आणण्याचे ठरवले. भारताचे २००९ मधील मानक ४० आहे. धूळ तीच, फुप्फुसे तीच, आणि आकडे मात्र चार. आरोग्याचा पुरावा, उद्योगांवर पडणारा खर्च, मोजमापाची सोय आणि राजकीय तयारी यांची गोळाबेरीज प्रत्येक ठिकाणी वेगळी झाली म्हणून हे चार आकडे आले. त्यांच्यापुढे बसून ‘हा आकडा याच ठिकाणी का थांबला, तो कोणी थांबवला आणि पुढचा फेरविचार कधी आहे’ असे विचारले की हवा प्रदूषण या विषयातून एक काम करण्याजोगा प्रश्न बाहेर येतो. आपल्या आवडीच्या विषयात असा एक आकडा, एक कलम किंवा एक परवाना शोधून काढावा.

प्रश्न निवडताना काळाचेही भान हवे. शीतकपाटांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन या रसायनांमुळे ओझोनच्या थराला धोका आहे, हे मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडले. अंटार्क्टिकावरील ओझोन घटल्याचे निरीक्षण १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. या रसायनांवर निर्बंध आणणारा मॉन्ट्रियल करार १९८७ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९८९ रोजी अमलात आला. हा पर्यावरण धोरणातील वेगवान प्रवास मानला जातो, आणि तरीही त्याला पंधरा वर्षे लागली. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची सुरुवात १९२० च्या दशकात झाली. त्याचे दुष्परिणाम माहीत असूनही मोटारींसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल जगातून पूर्णपणे हद्दपार व्हायला २०२१ साल उजाडले. त्या वर्षी अल्जीरियाने त्याची विक्री थांबवली आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००२ पासून चालवलेली मोहीम पूर्ण झाली. फेलोशिपचे वर्ष अशा लांब साखळीतली एक कडी असते. ‘मी वर्षभरात कायदा बदलीन’ असे लिहिणारा अर्जदार या गतीविषयी अनभिज्ञ दिसतो. ‘मानकाच्या फेरविचारासाठी जी समिती बसणार आहे, तिच्यापुढे ठेवता येईल अशी माहिती मी वर्षभरात तयार करीन’ असे लिहिणाऱ्याला ती गती समजलेली असते.

तिसरी पायरी: एक कागद अखेरपर्यंत वाचा

अर्ज भरण्यापूर्वीच्या तयारीत मी सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यायला सांगेन. पर्यावरणावरचे लेख, भाषणे आणि माहितीपट पुष्कळ जण पाहतात. एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अहवाल पहिल्या पानापासून परिशिष्टांपर्यंत फार थोडे वाचतात. असे मूल्यांकन सक्तीचे करणारा पहिला महत्त्वाचा कायदा अमेरिकेत १ जानेवारी १९७० रोजी लागू झाला आणि आज बहुतेक देशांत ही पद्धत कोणत्या ना कोणत्या रूपात आहे. त्यामुळे वाचक जगात कुठेही असला तरी त्याला असा एखादा अहवाल मिळवता येतो.

वाचताना पुढील ठिकाणी थांबावे. प्रथम मूळ परिस्थितीची नोंद केव्हा घेतली ते पाहावे: पाण्याचे, हवेचे आणि जीवसृष्टीचे सर्वेक्षण कोणत्या महिन्यांत झाले? केवळ कोरड्या हंगामात नोंदी घेतल्या असतील तर पावसाळ्यात वाहणारे ओहोळ, तात्पुरती तळी आणि स्थलांतर करणारे पक्षी त्या अहवालात असणारच नाहीत, आणि अहवालात नसलेल्या गोष्टीचे संरक्षण करण्याची अटही मंजुरीत येणार नाही. त्यानंतर पर्यायांचे प्रकरण उघडावे. दुसरी जागा, दुसरे तंत्रज्ञान, किंवा प्रकल्प न करण्याचा पर्याय यांवर किती पाने खर्च झाली आहेत? बऱ्याचदा हे प्रकरण सर्वांत तोकडे असते, आणि जागा आधी ठरवून कारणे मागाहून लिहिल्याची खूण तेथेच सापडते. मग प्रजातींची यादी पाहावी आणि त्या भागात नेहमी दिसणारी एखादी प्रजाती तिच्यात आहे का, अथवा त्या अधिवासात न आढळणारी एखादी प्रजाती दुसऱ्याच अहवालातून उतरून आली आहे का, हे तपासावे. शेवटी पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात प्रत्येक उपायापुढे जबाबदार व्यक्ती, निधी आणि मुदत लिहिली आहे का ते बघावे. ‘आवश्यक ती काळजी घेतली जाईल’ या वाक्यावर नंतर कोणालाही जाब विचारता येत नाही.

अहवालाबरोबरच त्या निर्णयाचे वेळापत्रक काढावे. मसुदा प्रसिद्ध कधी झाला, हरकती व सूचना किती दिवसांत द्यायच्या, जनसुनावणी कधी आहे, मंजुरीनंतर आव्हान किती दिवसांत देता येते? उदाहरणादाखल, भारताच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीपूर्वी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते, आणि २०१० च्या कायद्यानुसार मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करावे लागते. विलंबाचे समाधानकारक कारण असेल तरच आणखी ६० दिवस मिळतात. इतर देशांत हे आकडे वेगळे असतील, पण मुदत सर्वत्र असते आणि ती चुकली की उत्तमातला उत्तम युक्तिवादही निरुपयोगी ठरतो.

वाचून झाल्यावर त्या प्रकल्पावर दोन पानांचे टिपण लिहावे. त्याचाच उपयोग पुढे अर्जासोबतचा लेखननमुना म्हणून होतो. पहिल्याच वाक्यात शिफारस असावी: कोणी, काय, कधीपर्यंत करावे. त्यानंतर त्या शिफारशीला आधार देणारे दोन किंवा तीन पुरावे द्यावेत, आणि प्रत्येकाचा अहवालातील पृष्ठक्रमांक द्यावा. मग शिफारस मान्य झाल्यास खर्च कोणावर पडेल आणि गैरसोय कोणाची होईल, हे लपवून न ठेवता लिहावे. हा परिच्छेद नवोदितांच्या टिपणांत जवळजवळ नसतोच. निर्णय घेणारी व्यक्ती मात्र तोच आधी शोधते, कारण उद्या तिला त्याचेच उत्तर द्यायचे असते.

चौथी पायरी: संस्था पारखून घ्या

संस्था जशी अर्जदाराची निवड करते तशीच अर्जदारानेही संस्थेची करावी. यात उद्धटपणा काही नाही, आणि चांगल्या संस्थांना असे प्रश्न आवडतात.

संस्थेचा वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेब पाहून निधी कोठून येतो ते समजून घ्यावे. ज्या उद्योगावर संस्था देखरेख करते त्याच उद्योगाकडून तिला मोठी देणगी मिळत असेल, तर त्या विषयावर तिने गेल्या काही वर्षांत काय प्रसिद्ध केले आणि कशावर मौन पाळले ते पडताळावे. निधीबरोबर कायद्याची बंधनेही येतात. अमेरिकेत करसवलत असलेल्या धर्मादाय संस्थांना निवडणूक प्रचारात भाग घेता येत नाही आणि कायदे घडवण्यासाठी लोकप्रतिनिधींवर प्रभाव टाकण्याचे काम मर्यादेतच करता येते. ब्रिटनमधील धर्मादाय संस्था आपल्या उद्दिष्टांसाठी मोहीम चालवू शकतात, पण कोणत्याही पक्षाच्या बाजूने उभ्या राहू शकत नाहीत. भारतात परदेशी देणग्यांवर २०१० च्या कायद्याचे नियंत्रण आहे. आपण केलेले भाषण किंवा लिहिलेली पोस्ट संस्थेला अडचणीत आणू शकते का, हे पहिल्या दिवशी ठाऊक असलेले बरे.

मानधनाबाबत संकोच बाळगू नये. रक्कम किती, ती दरमहा मिळते की टप्प्याटप्प्याने, तिच्यावर कर लागतो का, आरोग्यविमा आहे का, आणि क्षेत्रभेटीचा खर्च आधी मिळतो की स्वतः करून मग परत मिळवायचा असतो? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण पदरमोड करून दोन-तीन महिने थांबणे ज्यांना परवडत नाही असे होतकरू फेलो नेमके येथेच अडचणीत येतात. पूर्णवेळ, वर्षभराच्या आणि विनामानधन फेलोशिपला माझा विरोध आहे. घरचा आधार असलेल्यांनाच ती घेता येते. प्रदूषणाचा आणि विस्थापनाचा फटका ज्यांच्या कुटुंबांना बसला आहे, ते तरुण तिच्यामुळे धोरणाच्या चर्चेबाहेर राहतात.

याशिवाय मागील एक-दोन फेलोंशी प्रत्यक्ष बोलावे. ‘अनुभव कसा होता?’ असे विचारल्यास सौजन्याचे उत्तर मिळते. ‘आठवड्यातून किती वेळा मार्गदर्शकाशी बोलणे व्हायचे? तुमच्या नावाने काय प्रसिद्ध झाले? क्षेत्रभेटीत अडचण आली तेव्हा फोन कोणाला करायचा होता?’ असे विचारावे. छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत व्यवस्था आहे का, हेही लेखी स्वरूपात पाहावे. एकट्याने दूरच्या भागात राहून काम करायचे असेल तर हा मुद्दा मानधनाइतकाच महत्त्वाचा आहे.

पाचवी पायरी: अर्ज लिहा

उद्देशपत्राची सुरुवात बालपणातील जंगलाने, नदीने किंवा आजोळच्या झाडाने करण्याचा मोह आवरावा. त्या आठवणी खऱ्या असतात, पण निवड समितीला त्यांतून अर्जदाराच्या कामाचा अंदाज येत नाही. ‘मला लहानपणापासून नद्यांविषयी ओढ आहे आणि त्यांच्या संवर्धनासाठी मला योगदान द्यायचे आहे’ हे वाक्य शेकडो अर्जांत जसेच्या तसे बसते. त्याऐवजी असे लिहून पाहावे: ‘नदीकाठच्या कारखान्यांच्या सांडपाण्याचे नमुने नियामक मंडळ ठरावीक काळाने तपासते, परंतु त्याचे निष्कर्ष कारखानानिहाय प्रसिद्ध होत नाहीत. ते प्रसिद्ध झाल्यास नदीतून पिण्याचे पाणी उचलणाऱ्या गावांना वेळेवर इशारा मिळू शकेल काय, आणि त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेल की मंडळाच्या एका परिपत्रकाने भागेल, हे मला या वर्षात तपासायचे आहे.’ या तीन-चार ओळींत प्रश्न आहे, संबंधित कार्यालय आहे, लाभ होणारे लोक आहेत आणि वर्षभरात आवाक्यात येईल एवढेच काम आहे. नदीविषयीची ओढ वेगळी सांगावी लागत नाही. ती वाचणाऱ्याला दिसते.

याच संस्थेत का, या प्रश्नाचे उत्तरही तितकेच नेमके असावे. संस्थेने प्रसिद्ध केलेला एखादा अहवाल वाचून त्यातील कोणते काम पुढे न्यावेसे वाटते आणि कोणता मुद्दा पटला नाही, हे लिहावे. आदराने आणि कारणांसह नोंदवलेला मतभेद स्तुतीपेक्षा अधिक परिणाम करतो.

बायोडेटा दोन पानांच्या पुढे जाऊ देऊ नये. ‘अमुक कार्यशाळेत सहभाग’ अशा नोंदी कमी कराव्यात आणि प्रत्यक्ष केलेल्या गोष्टी लिहाव्यात: माहिती अधिकारात मिळवलेली कागदपत्रे, जनसुनावणीत सादर केलेली लेखी हरकत, गावसभेत घेतलेल्या नोंदी, नकाशे करण्याचे सॉफ्टवेअर येत असल्यास त्यात केलेला एखादा नकाशा. दोन भाषांत सारख्याच सहजतेने लिहिता-बोलता येत असेल तर ते ठळकपणे सांगावे. इंग्रजी अहवालाचे म्हणणे गावातील बैठकीत गावकऱ्यांच्या भाषेत मांडणारी आणि बैठकीतील म्हणणे अहवालाच्या भाषेत आणणारी माणसे या क्षेत्रात कमी आहेत.

शिफारसपत्रासाठी मोठ्या पदावरच्या पण आपल्याला जेमतेम ओळखणाऱ्या व्यक्तीकडे जाऊ नये. ज्यांनी आपले काम जवळून पाहिले आहे अशा शिक्षकांना किंवा कार्यकर्त्यांना किमान तीन-चार आठवडे आधी विचारावे आणि त्यांना उद्देशपत्र, बायोडेटा व अंतिम तारीख एकत्र पाठवावी. अंतिम तारीख कोणत्या देशाच्या वेळेनुसार आहे तेही पाहून घ्यावे.

सहावी पायरी: मुलाखत

मुलाखतीत एक प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात येतोच: तुमच्या प्रस्तावाला विरोध कोण करील? बहुतेक उमेदवार उद्योगपती आणि भ्रष्ट अधिकारी यांची नावे घेऊन थांबतात. त्याच्या पुढे जाऊन विरोधकांचे कोणते म्हणणे बरोबर आहे, हे सांगण्याची तयारी ठेवावी. जर्मनीने २०२० मध्ये कोळशापासून वीजनिर्मिती उशिरात उशिरा २०३८ पर्यंत बंद करण्याचा कायदा केला, तेव्हा कोळशावर जगणाऱ्या प्रदेशांना साहाय्य देणारा कायदाही सोबत करावा लागला. कारण खाणीतील नोकरी गेल्यावर घर कसे चालवायचे, हा कामगाराचा प्रश्न रास्तच होता. हवामानाच्या दृष्टीने २०३८ हे वर्ष फार उशिराचे आहे, अशी टीका करणाऱ्यांचेही म्हणणे साधार होते. या दोन्ही बाजू न चिडता मांडता येणे, हीच या कामाची परीक्षा असते.

एखादी गोष्ट माहीत नसेल तर तसे सांगून ती कोठे शोधता येईल ते सांगावे: राजपत्रात, समितीच्या इतिवृत्तात, न्यायालयाच्या आदेशात की अर्थसंकल्पाच्या मागण्यांत. मुलाखतीच्या अखेरीस प्रश्न विचारण्याची संधी मिळते, तेव्हा चौथ्या पायरीतील जे प्रश्न अनुत्तरित राहिले असतील ते विचारावेत.

सातवी पायरी: पहिले तीन महिने

निवड झाल्यावर लगेच काहीतरी करून दाखवण्याची घाई होते. पहिल्या महिन्यात संस्थेतील जुन्या फायली वाचाव्यात, आपल्या प्रश्नाशी संबंधित सर्व कार्यालयांचा आणि व्यक्तींचा तक्ता करावा आणि प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीच्या अधिकाराची मर्यादा लिहावी. टिपण पुढे सरकवणारा कारकून, त्यावर अभिप्राय देणारा तांत्रिक अधिकारी आणि सही करणारा सचिव या तिघांची गरज वेगवेगळी असते; कारकुनाला पूर्ण कागदपत्रे लागतात, तांत्रिक अधिकाऱ्याला मोजमापाची पद्धत आणि सचिवाला एका पानावर पर्याय. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस मार्गदर्शकाबरोबर बसून वर्षाचे काम लेखी ठरवावे. फेलोला प्रत्येक अडलेल्या कामासाठी वापरण्याची सवय अनेक कार्यालयांना असते, आणि असा लेखी आराखडा नसेल तर वर्ष बैठकींची इतिवृत्ते लिहिण्यात निघून जाते.

बाधित लोकांशी वागण्याची काही पथ्ये येथेच सांगतो. माहिती घेताना ती कशासाठी, कुठे आणि कोणाच्या नावाने वापरली जाईल हे आधी सांगावे. मुलाखत देणाऱ्याला त्रास होण्याची शक्यता असेल तर नाव, छायाचित्र आणि ठिकाण ओळखू येईल असे तपशील प्रसिद्ध करू नयेत, मग त्यामुळे अहवाल कमी प्रभावी झाला तरी चालेल. पर्यावरणासाठी आवाज उठवणाऱ्यांना जगाच्या अनेक भागांत धमक्या आणि हिंसा सोसावी लागते. म्हणूनच लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन देशांच्या २०१८ च्या एस्काझू करारात त्यांच्या संरक्षणाची स्वतंत्र तरतूद आली. युरोपातील १९९८ च्या आऱ्हूस कराराने माहिती मिळवणे, निर्णयात सहभागी होणे आणि न्याय मागणे हे तीन हक्क मान्य केले होते. हे दोन करार नवोदिताने मुळातून वाचावेत. आपल्या देशात ते लागू नसले तरी आपल्या कायद्यात काय कमी आहे हे त्यांच्याशी तुलना करून चटकन कळते. फेलो वर्ष संपल्यावर निघून जातो, गावातील माणूस तेथेच राहतो. धोक्याचे गणित मांडताना त्याचा शब्द अखेरचा मानावा.

आठवी पायरी: शेवटचे तीन महिने आणि पुढे

मुदत संपण्याच्या तीन महिने आधी नवी कामे स्वीकारणे थांबवावे. हाती असलेल्या प्रत्येक विषयाची सद्यःस्थिती, पुढची तारीख आणि संबंधित अधिकाऱ्याचे पद लिहून एक हस्तांतरण टिपण तयार करावे. माहिती अधिकारात मिळालेली कागदपत्रे, जनसुनावण्यांची इतिवृत्ते आणि सर्वेक्षणाचे आकडे संस्थेत अशा ठिकाणी ठेवावेत की नव्याने येणाऱ्या फेलोला ते न विचारता सापडतील. संमती घेऊन गोळा केलेली माहिती ज्यांच्याकडून मिळाली त्यांना त्यांच्या भाषेत परत द्यावी: दोन पानांचा सारांश, नकाशाची प्रत किंवा बैठकीत तोंडी मांडणी, जे त्यांना सोयीचे असेल ते.

पुढच्या नोकरीसाठीची विचारणाही याच काळात करावी आणि वर्षभरात तयार केलेल्या कामांपैकी कोणती आपल्या नावाने दाखवता येतील, याची लेखी परवानगी संस्थेकडून घ्यावी. शासकीय कार्यालयातील फेलोंनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण त्यांनी लिहिलेली बहुतेक टिपणे गोपनीय असतात आणि परवानगीविना ती बाहेर दाखवता येत नाहीत. अशा वेळी मार्गदर्शकाकडून कामाचे स्वरूप सांगणारे सविस्तर पत्र घेऊन ठेवावे.

ज्यांची निवड झाली नाही त्यांनी संस्थेला थोडक्यात पत्र लिहून अभिप्राय मागावा. सर्वच संस्था उत्तर देत नाहीत, पण काही देतात, आणि अर्ज पात्रतेत अडला, प्रश्नात अडला की लेखननमुन्यात, एवढे जरी कळले तरी पुढच्या फेरीत नेमके काय सुधारायचे ते ठरते. दरम्यान ज्या प्रकल्पाचा अहवाल वाचला असेल त्याची जनसुनावणी किंवा हरकतींची मुदत शिल्लक असल्यास लिहिलेले टिपण तेथे सादर करावे आणि त्याची पोचपावती घ्यावी. त्यासाठी फेलो असण्याची अट नसते, आणि पुढच्या अर्जात त्या पोचपावतीची नोंद करता येते.